सारखेपणाचा आग्रह सोडा

'माणूस इथून तिथून सारखाच' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. नाताळच्या आसपास ते माझ्या फोनवर हमखास येतं, दिवाळीत येतं, पर्युषण संपलं की पुन्हा येतं. धर्म वेगळे पण शिकवण एकच, भाषा वेगळ्या पण भावना एकच, वगैरे. पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण या वाक्यामागे एक समजूत आहे: दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाशी दोस्ती करायची तर आधी दोघांमधला फरक झाकून ठेवावा लागतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. आणि ही समजूत दिसते तितकी निरुपद्रवी नाही, असं माझं म्हणणं आहे.

मी उमेळ्याचा. पश्चिम रेल्वेवर नायगाव आणि वसई रोड यांच्या मधल्या पट्ट्यातलं हे गाव. घर कॅथलिक, घरातली भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी. वसईत यात कुणाला नवल वाटत नाही. वसईबाहेर मात्र 'आडनाव असं, मग मराठी इतकं चांगलं कसं?' हा प्रश्न ठरलेला. २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आलं, तेव्हाही 'ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा?' असं विचारणारे निघालेच. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. थोडक्यात, 'दुसरी संस्कृती' म्हणतात ती बहुतेकदा मीच असतो. म्हणून या विषयावर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

माझा सर्वांत जवळचा मित्र खाडीपलीकडचा, भाईंदरचा. गुजराती बोलणारा जैन. २०१५ साली इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही एका बाकावर आलो आणि परतीच्या एकाच विरार लोकलमध्येही. तो सूर्यास्तानंतर जेवत नाही. त्यामुळे डिसेंबरात सहाच्या आत, त्या गर्दीत, एका हाताने कडी धरून डबा खायचा त्याचा कार्यक्रम असे. त्याची बॅग सांभाळायची आणि भाईंदर आलं की त्याला दारापर्यंत पोचवायचं, ही माझी कामं. विरार लोकलने प्रवास केलेल्यांना दुसरं काम किती अवघड ते सांगायला नको.

त्याने मला विचारलेला पहिला खरा प्रश्न होता, "तुमच्या उपवासाच्या शुक्रवारी मटण चालत नाही आणि पापलेट चालतं. पापलेटला जीव नसतो?" आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. मी आमच्या फादरांना गाठलं. चर्चच्या नियमात मांस म्हणजे जमिनीवरच्या प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं, मासे त्यात धरत नाहीत, आणि मुद्दा जिवापेक्षा त्यागाचा आहे, असं त्यांनी समजावलं. मित्राने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण पापलेट मटणापेक्षा महाग असेल तर त्याग कसला?" यावर फादरही हसले.

मीही सोडलं नाही. बटाटा का नाही? तर कंद उपटला की अख्खं रोप मरतं, शिवाय एकेका कंदात अनंत जीव मानतात. बरं, मग दहीवड्यात कुठे कंद आहे? तो का नाही? याचं उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने आजीला विचारलं. कच्चं दही आणि डाळ एकत्र आली की त्यात सूक्ष्म जीव तयार होतात, म्हणून ते वर्ज्य, असं तिने सांगितलं. माझ्या प्रश्नामुळे त्याला त्याचा धर्म थोडा कळला आणि त्याच्या प्रश्नामुळे मला माझा. आमच्या व्यवसायात आपण लिहिलेला कोड दुसऱ्याकडून तपासून घेतात, कारण आपलं आपल्याला दिसत नाही. 'सगळे सारखेच' म्हणणारा हे तपासणंच बंद करून टाकतो. सारखंच असेल, तर विचारायचं काय?

तो पहिल्यांदा उमेळ्याला जेवायला यायचा होता तेव्हा आई हवालदिल झाली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आलं नाही. "मग चव कशाची?" तिनेच वाट काढली. वसईत केळ्यांना काय तोटा! जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालतात हे आम्हाला तेव्हा माहीतही नव्हतं, पण तिने हिंग-जिऱ्याच्या फोडणीत कच्च्या केळ्याची भाजी केली, तीही नव्या कढईत. तो जेवला आणि दिवस मावळायच्या आत निघाला. जाताना आईने सुकेळी बांधून दिली. ती भाजी आता आमच्याकडे तो नसतानाही होते. ही भर फरकामुळे पडली. तो आमच्यासारखाच असता, तर त्या दिवशी नेहमीचंच कालवण झालं असतं.

आमची भांडणंही झाली. ओळख नवी असतानाच, त्या ऑगस्टमध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच असा निकाल दिला आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आयुष्याच्या शेवटी अन्नपाणी सोडून मरण स्वीकारणं त्याला परम शांततेचं वाटतं. मला, माझ्या संस्कारांनी, ते मान्य करता येत नाही. आम्ही त्यावर तासन्‌तास बोललो, एकदा आठवडाभर अबोला धरला. आजही आमचं त्यावर एकमत नाही. पण त्याच्या बाजूचं सर्वांत चांगलं म्हणणं मला येतं आणि माझ्या बाजूचं त्याला. ज्याच्याशी इतकं भांडता येतं, तो नुसता 'सणाला शुभेच्छा' देण्याघेण्यातला माणूस उरत नाही.

आता कडू भाग. दोनेक वर्षांपूर्वी ऑफिसचा प्रवास कमी करावा म्हणून मी घर शोधू लागलो. मित्राच्याच इमारतीत एक फ्लॅट विकायला होता. किंमत ठरली, कर्जाची बोलणी झाली. मग कमिटीने बोलावलं. उत्पन्न विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. "खाता काय?" मी खरं सांगितलं. "वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे सगळे सारखे आहेत." हेच ते वाक्य. शुभेच्छांत ते गोड वाटतं. सोसायटीच्या दारात त्याचा अर्थ असा की जे सारखे नाहीत त्यांनी बाहेर राहावं. मित्र सर्वसाधारण सभेत उभा राहून भांडला आणि हरला. फ्लॅट दुसऱ्याला गेला.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ सांगतं की पुरेसं कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येणार नाही. ताट हे पुरेसं कारण कसं होतं, ते मला कुणी समजावलेलं नाही. दुसऱ्या बाजूला, २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. तो खटला गुजरातच्या कायद्याखालचा, पण त्यातला विचार सर्वत्र ऐकू येतो: आम्हाला आमच्यातच राहायचं स्वातंत्र्य आहे. न्यायालयाचा मान राखून मी म्हणेन की हे स्वातंत्र्य घराच्या उंबऱ्याशी संपायला हवं. माझ्या मित्राच्या स्वयंपाकघरात काय शिजावं हे तो ठरवेल. जिना, लिफ्ट आणि शेजार मात्र कुणा एकाच्या ताटाच्या मालकीचा नाही.

आता माझ्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवू नयेत. २०१५च्या सप्टेंबरात खाडीपलीकडे मीरा-भाईंदर महापालिकेने पर्युषणाचे आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं. ते चूकच होतं. एकाच्या व्रतासाठी दुसऱ्याची चूल बंद करता येत नाही. पण त्यावर दादरला रस्त्यावर मांस विकून जो निषेध झाला, तोही मला आपला वाटला नाही. बोंबील हे माझं जेवण आहे, कुणाच्या खिडकीखाली परतायचं हत्यार नाही. कुणाला किळस यावी म्हणून शिजवलेलं अन्न आमच्या आईने ताटात वाढलं नसतं. बंदी घालणारे आणि डिवचणारे, दोघांचंही एका बाबतीत एकमत आहे: शेजारी आपल्यासारखा तरी हवा, नाहीतर नको.

याचं नुकसान हिशेबात दिसत नाही. आम्हा दोघांना एक बाक मिळाला आणि एक लोकल मिळाली, म्हणून ही दोस्ती झाली. आमच्या मुलांना ती कुठे मिळणार? खाण्यावरून इमारती वेगळ्या झाल्या की खेळायची मैदानं, शाळेच्या बस आणि वाढदिवसाची बोलावणी वेगळी होतात. मग पापलेटला जीव असतो का, हे विचारायला कुणी उरत नाही.

मैत्रीने हे सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. आमच्या मैत्रीने एक ठरावसुद्धा बदलला नाही. त्यासाठी नियम लागतील आणि ते पाळायला लावणारं निबंधक कार्यालय लागेल. पण सभेत एक हात वर गेला, आणि तो सभासद असलेल्या जैनाचा होता, ही गोष्ट इतिवृत्तात नोंदली गेली आहे. 'माझे कितीतरी ख्रिश्चन मित्र आहेत', 'मुसलमान मित्र आहेत', 'जैन मित्र आहेत' असं जे सांगतात, त्यांना एवढंच विचारायचं आहे: तुमच्या सोसायटीची पुढची सभा कधी आहे, आणि त्यात तुम्ही बोलणार आहात का?