दुसरा सीटी स्कॅन म्हणजे लूट नव्हे, पण समजावून तरी सांगा!

रेडिएशनसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या भागातल्या पेशंटच्या नातेवाइकांकडून एक तक्रार मला वरचेवर ऐकायला मिळते. "साहेब, सीटी स्कॅन महिन्यापूर्वीच झालाय, फाइलला लावलाय. तरी पुन्हा करायला लावला. तोही दोनदा, एकदा साधा आणि एकदा इंजेक्शन देऊन. लूट चाललीय, बातमी लावा."

संशय यावा असं वातावरण आहे, हे मी नाकारत नाही. कट प्रॅक्टिसचे किस्से आपण सगळ्यांनीच ऐकलेत. पण या एका बाबतीत बातमी वेगळी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला सीटी आजार शोधायला असतो. रेडिएशनचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला लोक 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात त्याचा, सीटी हिशेबासाठी असतो. सपाट टेबलावर, मास्क लावून किंवा अंगावर खुणा करून, ज्या स्थितीत पुढे रोज शेक द्यायचा त्याच स्थितीत तो काढतात. जुना स्कॅन इथे चालत नाही.

आता दोनदा का? सीटीतला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा असतो. पाणी 0, हवा उणे 1000, मांस साधारण 40 ते 60, हाड त्याहून बरंच वर. याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. सीटीच्या शोधासाठी 1979 चं नोबेल मिळालेल्या दोघांपैकी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचं हे नाव. याच आकड्यांवरून कॉम्प्युटर ठरवतो की किरणांच्या वाटेत किती दाट पदार्थ आहे आणि गाठीपर्यंत किती डोस पोचेल.

शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं. त्यामुळे गाठ, रक्तवाहिन्या, लिम्फ नोड उठून दिसतात आणि डॉक्टरांना गाठीची हद्द नीट आखता येते. पण त्याच आयोडीनमुळे रक्तवाहिनीचा आकडा 200-300 वर जातो. कॉम्प्युटरला वाटतं, वाटेत हाडासारखं काहीतरी आहे. तो त्या हिशेबाने डोस जरा वाढवून लावतो. प्रत्यक्षात शेक सुरू होतो तेव्हा ते औषध किडनीवाटे कधीच निघून गेलेलं असतं. म्हणजे नसलेल्या अडथळ्यासाठी जादा डोस!

घाबरू नका. नेहमीच्या लिनॅक मशिनवर हा फरक बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो. पण पोटात किंवा मूत्राशयात कॉन्ट्रास्ट जास्त साठलेलं असेल तर तो वाढू शकतो. प्रोटॉनमध्ये, ज्याची सोय खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे, किरण नेमके किती खोल थांबतील हेच अशा आकड्यांवर ठरतं, त्यामुळे तिथे ही चूक महाग पडते. रेडिएशनमध्ये डोसची एकूण चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवायची, हा जगभर मानलेला दंडक आहे. मशिनची, पेशंटच्या हालचालीची, सगळ्यांची मिळून ती मर्यादा. मग टाळता येणारे दोन टक्के का सोडायचे?

म्हणून आधी साधा स्कॅन, मग न हलवता कॉन्ट्रास्टचा. हद्द कॉन्ट्रास्टवर आखायची, डोसचा हिशेब साध्यावर करायचा. काही ठिकाणी एकच स्कॅन काढतात आणि कॉन्ट्रास्टच्या जागी पाण्याचा किंवा मांसाचा आकडा हाताने भरतात. तीही मान्य पद्धत आहे. हे काम मेडिकल फिजिसिस्ट करतो. पेशंटला तो बहुधा भेटतही नाही.

आता माझं म्हणणं. चूक दुसऱ्या स्कॅनची नाही, न बोलण्याची आहे. शेत गहाण टाकून आलेल्या माणसाला "प्रोटोकॉल आहे" एवढंच उत्तर मिळणार असेल तर तो लूटच समजणार. त्यातले काही जण चिडून उपचार सोडतात, ही खरी हानी. शेक मध्येच थांबवला तर गाठ पुन्हा डोकं वर काढायचा धोका एक-दोन टक्क्यांच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा. प्रत्येक रेडिएशन विभागाने एक पानभर मराठी माहिती छापून पेशंटच्या हातात द्यावी. स्कॅन कशासाठी, किती वेळा, पैसे किती. याला किती खर्च येतो हो?

आणि आपणही विचारायला शिकूया. डोसचा हिशेब कोणत्या स्कॅनवर केला? कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन तपासलं का? आधी इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आली असेल, किडनीचा त्रास असेल, शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर स्वतःहून सांगा. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही.

घरात, भावकीत कुणाचा शेक सुरू होणार असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, पण उपचार अर्धवट सोडू नका.