चार हातांची शुश्रूषा

कांदिवलीच्या एका भगिनीचें सविस्तर पत्र आमच्यापुढें आहे. नांव छापूं नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही अर्थातच पाळतों. त्यांच्या सासूबाईंस बारा वर्षांपासून मधुमेह असून गेलीं दोन वर्षें इन्शुलिन चालू आहे. घरांत सासूसासरे, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडें. एकादशीच्या सकाळीं थोरल्या सुनेनें नित्याप्रमाणें इन्शुलिन टोंचलें आणि ती कामावर जाण्यासाठीं स्टेशनाकडे धांवली. अर्ध्या तासानें धाकटी स्वयंपाकघरांतून आली. "आज घाईंत आईंचें राहिलेंच असावें" असें समजून तिनेंही टोंचलें. सासूबाईंनीं दंड पुढें केला, कारण सुना जें करतील तें त्या मुकाट्यानें करूं देतात. त्यांत उपवास. साडेदहाच्या सुमारास देवघरापुढें बसल्या असतां त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरूं लागले, आणि समोरच्या नातीस त्या भलत्याच नांवानें हांका मारूं लागल्या. वेळेवर डॉक्टर मिळाले, म्हणून त्या बचावल्या. आतां घरांत दोन्ही जावांचा अबोला आहे, आणि "चूक थोरलीची कीं धाकटीची, याचा निर्णय आपण द्यावा" असें बाई लिहितात. त्या स्वतः दोघींपैकीं कोणती, हें मात्र त्यांनीं चतुराईनें लिहिलेलें नाहीं!

न्यायाधीश होण्याची आम्हांस हौस नाहीं. पण विचारलेंच आहे तर आमचें मत असें कीं, दोघींनींही प्रेमानें आणि कर्तव्यबुद्धीनें केलें, आणि घात झाला तो त्यामुळेंच. एकत्र कुटुंबांत रोगी सर्वांचा असतो. ज्वर, खोकला, मोडलेला हात अशा दुखण्यांत ही मोठीच सोय आहे. मधुमेहांत मात्र मापून देण्याचें औषध चार हातांनीं दिलें तर तें एकदां तरी दुप्पट होतें, किंवा मुळींच दिलें जात नाहीं. म्हणून ज्या घरांत इन्शुलिन आहे त्या घरांत एक वही हवी आणि एका दिवसाचा एकच जबाबदार माणूस हवा. टोंचल्याबरोबर तिथि, वेळ, मात्रा आणि सही. सही नसेल तर विचारावें, आणि विचारावयास कोणी सांपडत नसेल तर अंदाजानें दुसरी मात्रा देऊं नये. आधीं रक्तांतील साखर यंत्रावर पाहावी आणि डॉक्टरांस विचारावें. एक मात्रा चुकल्यानें साखर चढते आणि ती उतरवितां येते. दुप्पट मात्रेनें माणूस तासाभरांत बेशुद्ध होऊं शकतो.

या पत्रांत आणखी एक वाक्य आहे, तें आम्हांस अधिक टोंचलें. "घाम फुटला तेव्हां मामंजींनीं प्रसादाचा पेढा तोंडांत घातला." हेतु उत्तम, वस्तु चुकीची. साखर उतरली असतां जी गोडी लगेच रक्तांत पोंचेल तीच हवी. पेढा, बर्फी, चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळें ती उशिरां पोंचते. रक्तांतील साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं सुमारें १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां साखर मोजावी, अजून खालींच असेल तर तितकेंच पुन्हां द्यावें, आणि वर आल्यावर पोळी-दुधासारखें कांहीं खावयास द्यावें. यंत्र हाताशीं नसेल तर मोजण्याची वाट पाहूं नये. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या चालू असणाऱ्यास साध्या साखरेचा गुण लवकर येत नाहीं. त्याच्यासाठीं ग्लुकोजची पूडच घरांत हवी. आणि रोगी बेशुद्ध असेल, गिळूं शकत नसेल, तर तोंडांत थेंबभरही कांहीं घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. त्याला कुशीवर वळवावें आणि १०८ या क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीं साखर उतरली असेल तर माणूस सावध झाला म्हणून निश्चिंत होऊं नये. तोच प्रकार कांहीं तासांनीं पुन्हां होऊं शकतो.

आतां उपवास. हा विषय काढला कीं घरोघरीं वडीलधारीं माणसें आमच्यावर रागावतात. व्रत मोडा असें आम्ही म्हणत नाहीं. पण उपवास पोटास असतो, औषधास नसतो, आणि औषध पोटाच्या हिशेबानें ठरविलेलें असतें. एकादशीस केवळ पाण्यावर राहून नेहमींची गोळी किंवा नेहमींचें इन्शुलिन घेणें म्हणजे साखर खालीं ओढणें. आणि उलट, "उपवासाचें चालतें" म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि केळें एका बैठकींत संपविणें म्हणजे ती वर चढविणें. आमच्या पाहण्यांत दुसरा प्रकारच अधिक आहे. चातुर्मास लागण्यापूर्वींच डॉक्टरांकडे जाऊन कोणत्या दिवशीं कोणतें औषध किती, तें लिहून आणावें आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावें. मात्र कोणी आजारी पडून जेवत नाहीं म्हणून घरच्यांनींच इन्शुलिन बंद करावें, हें अगदीं वर्ज्य. ज्या मुलांस लहानपणींच मधुमेह जडतो त्यांच्या बाबतींत तर ही चूक प्राणावर बेतते. ताप, ओकारी असतां शरीरास इन्शुलिन कित्येकदां अधिकच लागतें.

इन्शुलिन लागलें म्हणजे शेवट आला, असा एक समज आमच्या समाजांत आहे, त्याचा येथें समाचार घेणें प्राप्त आहे. टोरोंटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं हें द्रव्य हातीं आणलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें उपासमारीच्या पथ्यावर कांहीं काळ जगत आणि जात. तेव्हां इन्शुलिन हें शेवटाचें चिन्ह नव्हे. शेवट टाळण्याचें तें साधन आहे. दुसरा समज असा कीं, "आमच्याकडे सगळे सडसडीत, आम्हांस कुठला मधुमेह?" पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःचेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण इंग्रज गृहस्थांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर आमच्या पुणेकरांच्या शरीरांत शेंकडा २१.२! सडसडीतपणाचा भरंवसा धरूं नये, हें याहून स्पष्ट कोण सांगणार? भारतांत मधुमेही माणसें दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीवरून २०२३ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

सुईकडे वळूं. आपल्याकडे कुपींतील इन्शुलिन बहुधा दर मिलिलिटरास ४० एककांचें असतें, तर पेनांतील १०० एककांचें. ४० साठींच्या सिरिंजचें टोपण लाल, १०० साठींच्या सिरिंजचें नारिंगी. हें ज्यास ठाऊक नाहीं तो औषधाच्या दुकानांतून जी मिळेल ती सिरिंज आणतो. १०० एककांचें औषध लाल टोपणाच्या सिरिंजनें त्याच खुणेपर्यंत भरलें तर मात्रा अडीच पट होते. उलट केलें तर निम्म्याहूनही कमी. म्हणून घरांतून दुकानांत जाणाऱ्याच्या हातीं जुनी कुपी आणि जुनी सिरिंज दोन्ही द्यावीं. "इन्शुलिनची सुई द्या" एवढें सांगून काम भागत नाहीं. रोज एकाच जागीं टोंचूं नये. तेथें गांठ धरते आणि औषध नीट पसरत नाहीं. न उघडलेलें इन्शुलिन शीतकपाटांत ठेवावें, पण बर्फाच्या कप्प्यांत कदापि नाहीं, कारण गोठलेलें औषध वाया गेलें. उघडलेली कुपी किंवा पेन साधारणतः चार आठवडे बाहेर थंड जागीं चालतें, तरी वेष्टनावरची सूचना वाचावी. वैशाखांत कांदिवलीच्या वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या खिडकीपाशीं ठेवलेलें कपाट ही थंड जागा नव्हे.

पावलें हा तर आमच्या घरांत सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. आपण घरांत अनवाणी, देवळांत अनवाणी. आणि जुन्या मधुमेह्याच्या तळव्याची जाणीव मंदावलेली. उन्हाळ्यांत प्रदक्षिणा घालतांना तापलेल्या फरशीनें फोड आला तरी त्यास कळत नाहीं. थंडींत गरम पाण्याच्या पिशवीनें भाजतें, तेंही कळत नाहीं. रोज संध्याकाळीं शुभंकरोति झाल्यावर एखाद्या नातवानें आजोबांचीं दोन्ही पावलें, बोटांच्या बेचक्यांसकट, उजेडांत पाहावीं. हें काम मुलांस आवडतें, आणि त्यांची नजर आपल्यापेक्षां तीक्ष्ण असते. स्नानाचें पाणी रोग्यानें पायानें पाहूं नये. दुसऱ्यानें कोपरानें पाहावें. कुरूप ब्लेडनें कापण्याचा उद्योग घरीं करूं नये.

आहाराविषयीं फार लिहीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, समोर सर्वांनीं बासुंदी ओरपावयाची आणि एका वृद्धानें कारल्याच्या रसाकडे पाहात बसावयाचें, हें पथ्य नव्हे, ती शिक्षा आहे. अशा घरांत लाडू चोरून खाल्ले जातात, आणि मग वहींतील आंकडे कोणासच उमगत नाहींत. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घेणें असेल तर डॉक्टरांस सांगून घ्यावी. त्यांपायीं चालू औषध बंद करूं नये.

मधुमेहाप्रमाणेंच ग्रंथींच्या स्रावांचे दुसरे विकार आहेत, त्यांत रोगी दिसत नाहीं आणि म्हणून शुश्रूषाही होत नाहीं. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथी मंदावली कीं माणूस थकतो, थंडी सोसत नाहीं, वजन वाढतें, मन उदास होतें. आणि ही व्यक्ति जर घरची सून असली तर तिला आळशी ठरविण्यास आपण किती दिवस लावतों? एका रक्ततपासणीनें जो प्रश्न सुटावयाचा तो कित्येक वर्षें टोमण्यांत निघतो. तिची गोळी सकाळीं उपाशी पोटीं घ्यावयाची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहाही नको. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचें अंतर हवें. जी सर्वांआधीं उठून सर्वांचा चहा करते, आणि तो करतां करतां स्वतःही घोटभर घेते, तिच्या औषधाचा गुण अशा रीतीनें रोज थोडा थोडा वाया जातो. तेव्हां सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कोणीं तरी करावा. गर्भ राहिल्यास या औषधाची मात्रा बहुधा वाढवावी लागते, म्हणून वेळ न दवडतां डॉक्टरांस कळवावें.

स्टिरॉइडच्या गोळ्या दमा, संधिवात अशा दुखण्यांत दीर्घकाळ दिल्या जातात. त्यांनीं साखर चढते, हें एक. पण मोठा धोका असा कीं, बरें वाटलें म्हणून त्या एकाएकीं सोडल्या तर आपल्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी, ज्या इतके दिवस निजल्या होत्या, त्या लगेच जाग्या होत नाहींत आणि रोगी कोसळतो. त्या हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेंच कमी कराव्या. ज्यांच्या या ग्रंथी मुळांतच निकामी आहेत त्यांना तापांत मात्रा वाढवावी लागते, आणि ओकारीनें गोळी पोटांत टिकत नसेल तर तांतडीनें रुग्णालय गांठावें लागतें. अशा रोग्याच्या खिशांत तसें लिहिलेली चिठ्ठी असावी.

कांदिवलीकरांस पश्चिमेस महापालिकेचें बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे, ज्याला सर्व जण शताब्दी म्हणतात. विशेष तज्ज्ञांसाठीं कित्येकांस परळच्या केईएमपर्यंत जावें लागतें. उपाशी पोटीं रक्त द्यावयाचें म्हणून पहांटे इन्शुलिन टोंचून, न खातां लोकलच्या गर्दींत उभें राहावयाचें आणि पुढें रांगेंत तिष्ठावयाचें, हा प्रकार आम्हांस भयंकर वाटतो. रक्त शक्य तर आदल्या दिवशीं घराजवळ द्यावें. तें जमत नसेल तर त्या सकाळचें औषध केव्हां घ्यावें तें आधीं विचारून ठेवावें, आणि ग्लुकोज व डबा बरोबर घ्यावा. सोबतीस मुलग्यांपैकीं कोणी तरी जावें. डॉक्टरांपुढें वही घेऊन उभें राहणें हें काय केवळ सुनांचेंच काम आहे? आमच्या पत्रलेखिकेच्या घरीं दोन कर्ते मुलगे आहेत, आणि सबंध पत्रांत त्यांपैकीं एकानेंही सुई हातीं धरल्याचा उल्लेख नाहीं. आठवड्याच्या सात दिवसांपैकीं तीन दिवसांची वही त्यांच्या नांवें करावी, असें आम्ही सुचवितों. टोंचावयास शिकणें हें एका दुपारचें काम आहे. शताब्दींतील परिचारिकेस विनंती केली तर ती शिकवील.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यांत टाकूं नयेत. कचरा उचलणाऱ्याच्या हातास त्या लागतात. जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलींत त्या सांठवाव्या, झांकण घट्ट लावावें, आणि बाटली भरल्यावर दवाखान्यांत विचारून तेथें स्वाधीन करावी.