फुटलेल्या बाटलीचं जर्नल

"अरे, रीडिंग येईना!"
"मग मागच्या बॅचचं जर्नल आण की!"

हा संवाद कुठल्या लॅबमधला, ते विचारू नका. ज्याने इंजिनिअरिंगची एक तरी सेमिस्टर काढली आहे त्याला ते सांगायची गरज नाही. ऑब्झर्व्हेशन टेबल आधी भरायचा, प्रयोग नंतर करायचा, आणि एरर दोन टक्क्यांच्या आत बसवायची, ही कला आपण फर्स्ट इयरलाच शिकतो. मीही शिकलो होतो, चांगली शिकलो होतो. सेकंड इयरच्या मे महिन्यात ती माझ्याच अंगाशी आली. म्हणजे खरं तर माझ्या मावसभावाच्या अंगाशी आली. त्याच्या हातावर तीन टाके पडले. म्हणून हा लेख.

त्या सुट्टीत मला दोन गोष्टी करायच्या होत्या. घरी बिअर बनवायची आणि स्वतःची वेबसाईट बनवायची. (रेक्टर सरांना विनंती, कृपया इथेच थांबू नये, पुढे वाचावे!) पैकी बिअरचा बेत पहिल्याच दिवशी बारगळला. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा त्यात गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, अमेरिकेतही १९७८ मध्ये तसा कायदा झाला. पण आपण राहतो साताऱ्यात. मग मी जिंजर बिअर करायचं ठरवलं. नावात बिअर असली तरी ते लहान मुलांचं पेय, अशी माझी समजूत. शिवाय आल्याला सातारा जिल्ह्यात काय तोटा!

एक लिटर पाणी, शंभर ग्रॅम साखर, किसलेलं आलं, दोन लिंबं आणि बेकरीतून आणलेलं चिमूटभर यीस्ट. गाळून काचेच्या बाटल्यांत भरलं, बुचं घट्ट लावली आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी बूच काढलं तर फस्सकन् आवाज! आजी एक घोट घेऊन म्हणाली, "हे तर सोडावॉटरच की रे!" मला जग जिंकल्यासारखं झालं.

आता जग जिंकल्यावर ते जगाला कळायला नको? लगेच वेबसाईटला हात घातला. नोटपॅड उघडून एचटीएमएल लिहायला बसलो. पहिल्यांदा पान उघडलं तर मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. 'यूटीएफ-८' ची एक ओळ लिहायची राहिली होती, हे शोधण्यात दीड दिवस गेला. मग बाटल्यांचे फोटो, फेसाचे फोटो, पाठीमागे आल्याचा रंग... चार दिवस खपलो. आणि मूळ कृती? ती सहा ओळींची. शेवटची ओळ होती, "खोलीच्या तापमानाला तीन दिवस ठेवा."

ही ओळ नीट लक्षात ठेवा.

सांगलीला विश्रामबागेत माझी मावशी राहते. मावसभावाने माझं पान वाचलं आणि अगदी शब्दाला शब्द लावून पाच बाटल्या भरल्या. ठेवल्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी त्या खोलीतून कुरडयांची परात घेऊन बाहेर आली, हा आत गेला आणि एक बाटली फुटली. काच हातात घुसली. आणखी वर घुसली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. उरलेल्या चार बाटल्यांवर ओलं पोतं टाकून घरातले सगळे संध्याकाळपर्यंत खालीच बसून होते.

मी दुसऱ्या दिवशी एसटीने सांगली गाठली. मावशी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "किती दिवस ठेवायचं ते लिहिलंस बाबा, पण कुठं ठेवायचं ते कोण लिहिणार? मे महिन्यात इडलीचं पीठ तरी रात्रभर बाहेर ठेवतं का कुणी?"

माझ्या दोन वर्षांच्या इंजिनिअरिंगपेक्षा मावशीचं इडलीचं पीठ हुशार निघालं!

त्या दुपारी तीन वाजता मी पत्र्याच्या खोलीत थर्मामीटर धरला. एकोणचाळीस अंश. साताऱ्याला परत येऊन माजघरात धरला. सव्वीस. आणि 'खोलीच्या तापमानाला' हे शब्द मी कुठून घेतले होते? एका इंग्रजी कृतीतून, जसेच्या तसे. त्यांच्याकडे 'रूम टेम्परेचर' म्हणजे साधारण वीस-एकवीस अंश. म्हणजे गोऱ्याची खोली वीसची, माझं माजघर सव्वीसचं आणि मावशीची पत्र्याची खोली एकोणचाळीसची. मी शब्दाचं भाषांतर केलं, पण खोलीचं कोण करणार? या टप्प्यात तापमान दहा अंशांनी वाढलं की यीस्टचं काम ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतं. साताऱ्याचे तीन दिवस सांगलीत दीड दिवसावर आले, यात नवल काहीच नाही.

मग आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी न सांगता गणित केलं. यीस्ट साखर खातं आणि तिचे जवळजवळ निम्मे वजन कार्बन डायऑक्साईड, निम्मे अल्कोहोल करतं. एका लिटरमधली चार ग्रॅम साखर संपली की साधारण एक लिटर वायू तयार होतो. बिअरमध्ये दर लिटरमागे सुमारे अडीच लिटर वायू विरघळलेला असतो, कोल्ड्रिंकमध्ये चारच्या आसपास. मी घातली होती शंभर ग्रॅम साखर. सगळी संपली तर पंचवीस लिटर वायू, तोही बूच लावलेल्या काचेच्या बाटलीत! ती जिंजर बिअर नव्हती, तो गावठी बॉम्ब होता. साताऱ्यात तो फुटला नाही ते केवळ तिसऱ्या दिवशी आम्हाला तहान लागली म्हणून.

दुसरा हिशोब त्याहून अवघड वाटला. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तर ते मद्य. अर्धा टक्का व्हायला लिटरमागे आठ ग्रॅमसुद्धा साखर पुरते. साताऱ्यातली बाटली त्या रेषेच्या वर गेली असणार. 'लहान मुलांचं पेय' म्हणून मी आजीला काय पाजलं, ते मी मोजलंच नव्हतं.

उपाय मात्र सोपा होता. यीस्टला खायलाच कमी द्यायचं! बाटलीत लिटरमागे फक्त सहा ग्रॅम साखर. ती सगळी संपली तरी वायू दीड लिटरच्या आसपास आणि अल्कोहोल ०.४ टक्के. गोडीसाठी पाक वेगळा ठेवायचा आणि पिताना ग्लासात घालायचा. काचेऐवजी कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, म्हणजे दाबून पाहिलं की आतला दाब हाताला कळतो. आता सातारा असो, सांगली असो, कुणी बाटली आठवडाभर विसरला तरी ती फुटण्याइतका दाबच होत नाही. 'वापरणाऱ्याने काळजी घ्यावी' असं लिहिण्यापेक्षा काळजी डिझाइनमध्येच घालावी, हे मला त्या तीन टाक्यांनी शिकवलं.

वेबसाईटचं पान मी पुन्हा लिहिलं. पहिली इच्छा काय झाली होती, ते प्रामाणिकपणे सांगतो. जुनं पान गुपचूप पुसून नवीन टाकावं, म्हणजे कुणाला काही कळणार नाही. अगदी जर्नलमध्ये व्हाइटनर लावतो तसं! पण पुसलं असतं तर पुढच्या कुणीतरी तोच इंग्रजी शब्द पुन्हा तसाच उचलला असता. म्हणून जुनी कृती तिथेच ठेवली, तिच्यावर लाल आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, काय झालं, कुठे झालं, त्या वेळी तापमान किती होतं. त्याखाली तक्ता केला. तारीख, गाव, जागा, सकाळ-दुपार-रात्रीचं तापमान, साखर, किती तासांनी बाटली कडक झाली. फेसाचे फोटो काढून टाकले. पान दिसायला एकदम बावळट झालं, पण कामाचं झालं.

मित्रांनो, बिअर म्हटलं की आपल्याला फक्त सेंड-ऑफ पार्टी आठवते. पण मोजायची शिस्त जगाला लावण्यात या धंद्याचा मोठा हात आहे. केमिस्ट्रीत आपण जो पीएच घोकतो ती पट्टी १९०९ मध्ये सोरेनसन यांनी मांडली, ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत होते. त्याच प्रयोगशाळेत हॅन्सन यांनी १८८३ मध्ये शुद्ध यीस्ट वेगळं काढलं आणि कार्ल्सबर्गने ते दडवून न ठेवता इतरांनाही दिलं. एम-थ्री मध्ये आपला घाम काढणारी 'स्टुडंट्स टी-टेस्ट' कुणा कॉलेजच्या स्टुडंटची नव्हे. ती गिनेस या बिअरच्या कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांची. मोजकीच रीडिंग हातात असताना त्यांवर किती भरवसा ठेवावा, हा त्यांचा प्रश्न होता. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी 'स्टुडंट' या नावाने लेख छापला. या माणसांनी रीडिंग मागच्या बॅचकडून घेतली असती तर?

आणि आंबवणं आपल्याला परकं आहे असंही नाही. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत मळीवर यीस्ट सोडूनच अल्कोहोल होतं, तेच इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं. द्राक्षांच्या जोरावर पलूसला वाइन पार्क उभं राहिलं, ते २००१ च्या सरकारी धोरणातून. आजीच्या कपाटातलं द्राक्षासव हेही आंबवूनच होतं आणि त्यातही अल्कोहोल असतं. तरी घरात 'यीस्ट' म्हटलं की सगळे दबक्या आवाजात बोलतात. राज्याच्या कायद्यात मद्याची व्याख्या 'अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव' इतकी मोठी आहे. माझं मत विचाराल तर तिथेही अर्ध्या टक्क्यासारखी एक स्पष्ट रेषा असावी. म्हणजे आंबवण्याचा छंद असलेल्या पोराला कुठे थांबायचं ते कळेल आणि तो लपूनछपून न करता मोजूनमापून करेल. लपवून केलेल्या प्रयोगाची नोंद कुणी ठेवत नाही, आणि नोंद नसली की बाटली फुटते.

तेच आपल्या लॅबचं. मला माहीत आहे, लगेच म्हणाल, "एका सेटअपवर आम्ही सहा जण, तास दोन, मीटरची सुई अडकलेली. मग रीडिंग आणायचं कुठून?" बरोबर आहे! पण 'सुई अडकत होती' हेसुद्धा रीडिंगच आहे ना? ते का लिहीत नाही आपण? कारण त्याला मार्क नाहीत. मार्क आहेत सरळ रेषेतल्या ग्राफला. म्हणून आपण सगळे बिंदू रेषेवर बसवतो आणि चार वर्षांनी बाहेर पडतो, खोटी रेषा सफाईने काढायला शिकून. पुढे कुणी पूल बांधणार, कुणी बॉयलर चालवणार, कुणी दवाखान्यातल्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिणार. तिथे आपलं 'खोलीच्या तापमानाला' वाचून कुणीतरी, अगदी शब्दाला शब्द लावून, बाटली भरणार आहे.

म्हणून सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या दहा मार्कांतले दोन 'काय चुकलं आणि का' यासाठी ठेवा. ग्राफ वाकडा आला तर मार्क कापू नका, सगळ्या बॅचचा एकसारखा सरळ आला तर मात्र जरूर शंका घ्या. आणि होस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी एवढंच. छंद कुठलाही असू द्या, रेडिओ, रोबोट, लोणचं नाहीतर वेबसाईट, त्याची एक वही ठेवा. तिच्यात तारीख, जागा आणि तापमान लिहा. आणि जे फसलं ते आधी लिहा.

(बाटल्या मात्र होस्टेलच्या रूममध्ये नकोत. वरचा मजला, दुपारचं ऊन, लोखंडी कपाट... तापमान मी मोजलंय!)

मावसभावाच्या हातावर तो व्रण अजून दिसतो. परवा सांगलीला गेलो तेव्हा त्याने नव्या कृतीची बाटली पुढे केली. मी आधी ती दाबून पाहिली. मग त्याने त्याची वही दाखवली. पहिल्या पानावर वर लिहिलं होतं : सांगली, पत्र्याची खोली नव्हे, स्वयंपाकघर, माठाशेजारी, २९ अंश.

इतकं चांगलं जर्नल मी आजवर कॉलेजात पाहिलेलं नाही. माझं स्वतःचं धरून.