रॉटवायलर घ्यायचाय? आधी घरातल्या दोघांचं बघ!

परवा एका मित्राचा फोन आला. त्यांच्या रो-हाऊसच्या गल्लीत चोरी झाली, म्हणून साहेबांना रॉटवायलर घ्यायचाय. नर. "सगळ्यात डेंजर जात कुठली, तेवढंच सांग." घरात आधीच एक लॅब्रॅडोर (तोही नर) आणि रस्त्यावरून आणलेली एक गावठी कुत्री. म्हटलं, बाबा रे, तुझा प्रश्नच चुकलाय!

आपण आयटीवाले कुत्रंसुद्धा स्पेसिफिकेशन बघून घेतो. वजन किती, छाती केवढी, जबडा केवढा. आपल्या मदरबोर्डवर हे कार्ड बसतंय का, हे मात्र घरी आणल्यावर बघायचं!

रॉटवायलर वाईट, असं मी म्हणत नाहीये. पण अमेरिकन केनेल क्लबचं या जातीचं स्टँडर्ड एकदा वाचा. दुसऱ्या कुत्र्यांशी भांडखोरपणे वागणं हा दोष धरू नये, असं त्यात चक्क लिहिलंय. आणि आपण तो दोन कुत्र्यांच्या घरात आणून ठेवणार.

"लहानपणापासून एकत्र वाढली की काही होत नाही," हा दुसरा लाडका समज. आमच्याकडे सात वर्षांची चिंगी होती, गावठी. तिच्या जोडीला डॉबरमनचं पिल्लू आणलं, तीही मादी. दीड वर्ष दोघी एकाच गोधडीवर झोपायच्या. पिल्लू दोन वर्षांचं झालं आणि एक दिवस कुरिअरवाल्याने बेल वाजवली. दोघी फाटकाकडे धावल्या. माणूस हाती लागेना, म्हणून धाकटीने शेजारी भुंकणाऱ्या चिंगीचाच कान धरला. नऊ टाके!

पुढचे आठ महिने घरात शिफ्ट ड्यूटी. एक हॉलमध्ये तर दुसरी खोलीत, मध्ये कायम बंद दार. शेवटी डॉबरमन साताऱ्याला काकांकडे दिली, तिथे ती एकटीच. गाडीत चढताना शेपटी हलवत होती, फिरायला चाललोय असं वाटून... चूक तिची नव्हती, आमची होती.

मुद्दा हा की राखण करणं म्हणजे फाटकावर तापणं. आणि तो ताप बाहेरच्यावर निघाला नाही, तर बाजूच्यावर निघतो. एकटं कुत्रं असेल तर प्रश्न नाही. तीन असतील तर रोज तीनदा बेल वाजते, आणि नऊ ते नऊ आपण ऑफिसात. ट्रेनिंग देणार कोण, वॉचमन?

घ्यायचंच असेल, तर निदान एवढं पाळा. दोन नर किंवा दोन माद्या शक्यतो नकोत. दोन माद्यांचं बिनसलं की सहसा जुळत नाही. जातीपेक्षा ते एक कुत्रं बघा. पिल्लाऐवजी स्वभाव कळलेलं, मोठं झालेलं कुत्रं घ्या, आणि आपल्या कुत्र्यांशी आधी बाहेर, मोकळ्या जागी दोन-चारदा भेट घडवा. जेवणाच्या थाळ्या वेगळ्या. आणि फाटकावर सगळ्यांना एकदम सोडायचं नाही.

मित्र म्हणाला, "मग चोर आला तर?"

"तुझी गावठी भुंकते का?"

"अरे, पाहुणा आला तरी अख्खी गल्ली उठवते!"

झालं तर मग. चोराला नको असते ती हीच बोंबाबोंब. बाकी फाटकाला चांगलं कुलूप घाल आणि बाहेर एक दिवा लाव. दोघंही एकमेकांना चावत नाहीत.