प्रत्येक जळजळ म्हणजे उन्हाळी नव्हे

चेन्नईच्या मे महिन्यात लघवीला जळजळ झाली की इथली मराठी मंडळी ‘उन्हाळी लागली’ म्हणत धने-जिऱ्याचं पाणी नि शहाळं पिऊन गप्प बसतात. पण रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागत असेल, धार बारीक झाली असेल, अंडकोश आणि गुदद्वार यांमधली जागा ठणकत असेल, वीर्यपतनाच्या वेळी दुखत असेल, तर प्रोस्टेट ग्रंथीला सूज असू शकते. हे फक्त म्हातारपणाचं दुखणं नव्हे. पस्तिशी-चाळिशीतही ते गाठतं. लाजेपायी बायकोलाही न सांगता कुढणारे पुरुष पाहिले की जीव तुटतो. हुडहुडी भरून ताप आला किंवा लघवी तुंबली, तर सकाळची वाट पाहू नका. सेंट्रल स्टेशनसमोरचं राजीव गांधी सरकारी रुग्णालय रात्रीही उघडं असतं. तडक तिथे जा.