आधी दाणा दाबून पाहा



गेल्या वर्षावासातल्या एका पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात भोजनदान होते. उसळीचे काम माझ्याकडे होते. शंभर माणसांची पंगत आणि पाच किलो घेवडा. मी पहाटे पाचला घेवडा भिजत घातला आणि आठला पातेल्यात टाकला. भन्तेजींचे भोजन बाराच्या आत व्हायला हवे, म्हणून घाई. त्यात सिलिंडर संपत आलेला, म्हणून आच बारीक ठेवली. रंग चांगला यावा म्हणून टोमॅटो आणि चिंचेचा कोळ सुरुवातीलाच ओतला. अकराच्या सुमारास वर लालभडक तर्री आली. सगळ्याजणी म्हणाल्या, "झाली उसळ!" दाणा दाबून कुणी पाहिला नाही. मीही पाहिला नाही.

मोठ्या माणसांनी रस्सा खाल्ला आणि दाणे ताटाच्या कडेला सारले. मुलांनी मात्र दाणे वेचून खाल्ले. दोन तासांच्या आत पाच मुलांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात धावपळ झाली. संध्याकाळपर्यंत मुले हसू-खेळू लागली, पण तो दुपारचा वेळ मी जन्मात विसरणार नाही.

मग वस्तीत चर्चा. कुणी म्हणाले तेल वाईट होते. कुणी म्हणाले घेवडाच वातूळ. एका आजीने तर "नजर लागली" म्हणून मीठ-मिरच्या ओवाळायला घेतल्या. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्याला इतकी वर्षे झाली. तरी संकट आले की आपला हात मीठ-मिरच्यांकडेच जातो! कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. मुलांना उलट्या का झाल्या, याचे कारण नजरेत नव्हते, माझ्या पातेल्यात होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते समजावून सांगितले. तेच आज तुमच्यापुढे ठेवते. शिवाय त्याच कारणांमध्ये घेवड्याच्या चवीचे गुपितही आहे.

कच्चा दाणा बाधतो

घेवडा म्हणा की राजमा म्हणा, त्याच्या कच्च्या दाण्यात निसर्गतःच एक विषारी प्रथिन असते. लाल दाण्यात ते जास्त, इतर जातींत कमी. नीट न शिजलेले चार-पाच दाणे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या आणि मग जुलाब होतात. बहुधा काही तासांत आराम पडतो, पण लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल तर घरी थांबू नये, दवाखाना गाठावा.

हे प्रथिन खळखळत्या उकळीने नष्ट होते. बारीक आचेवर नुसत्या कोमट-गरम पाण्यात ते जात नाही. उलट अर्धवट तापलेला दाणा कच्च्या दाण्यापेक्षाही अधिक बाधतो. म्हणजे गॅस वाचवायला मी आच बारीक केली, तीच मोठी चूक झाली.

आपल्या मातीतला चित्रविचित्र घेवडा

घेवडा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोकडे ठिपक्या-ठिपक्यांच्या एका घेवड्याला 'पिंटो' म्हणतात. त्यांच्या भाषेत पिंटो म्हणजे रंगवलेला. तिथली कष्टकरी माणसे तो मातीच्या भांड्यात कांदा, लसूण आणि मीठ एवढ्यावर शिजवतात आणि मक्याच्या भाकरीबरोबर खातात. एवढ्या थोड्या जिनसांत त्याला चव येते, कारण तो सावकाश आणि पूर्ण शिजलेला असतो.

आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणजे दुकानात मिळणारा चित्रा राजमा आणि सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा. दाण्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोणताही घेवडा घेताना दाणे चकचकीत आणि एकसारखे पाहून घ्यावेत. सुरकुतलेला, निस्तेज दाणा बहुधा जुना असतो. उष्ण दमट जागेत वर्ष-दोन वर्षे पडलेला घेवडा कितीही शिजवला तरी खडा राहतो. म्हणून स्वस्त मिळतो म्हणून एकदम पाच-दहा किलो भरून ठेवू नये. नवा आणि जुना घेवडाही एकत्र करू नये. नवा विरघळतो आणि जुना तसाच राहतो.

पाण्याचे मोल

रात्री झोपण्यापूर्वी घेवडा निवडून, दोनदा धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावा. पाव किलोला सव्वा लिटर पाणी घ्यावे, त्यात दोन चहाचे चमचे मीठ टाकावे. मिठाने दाणा कडक होतो असे आपण ऐकत आलो, पण ते खरे नाही. मिठाच्या पाण्यात भिजलेल्या दाण्याचे साल मऊ होते आणि मीठ आतपर्यंत मुरते. आठ ते दहा तास भिजू द्यावे. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदलावे, नाहीतर आंबूस वास येतो.

रात्री विसरलात तर घेवडा पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळ उकळावा, झाकून तासभर ठेवावा आणि ते पाणी काढून मग शिजवावा. भिजवलेले पाणी कसेही असले तरी ओतूनच द्यावे. पोटात वारा धरणारे पदार्थ त्यातून बरेचसे निघून जातात. मिठाचे आहे म्हणून ते झाडांना घालू नका, मोरीत टाका.

आपल्या वस्त्यांत नळाला पाणी तास-दीड तास येते. हंडा-कळशीने पाणी भरणाऱ्या बाईला सव्वा लिटर पाणी ओतून दे म्हणणे जिवावर येते, हे मला कळते. पण पाणी नसेल तर अन्न असून उपयोग नाही, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? १९०१ साली बाबासाहेब साताऱ्याला शिकत होते. ते, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले वडिलांना भेटायला आगगाडीने मसूरला उतरले आणि पुढे बैलगाडीने निघाले. बरोबर खाण्याचे डबे भरलेले होते. पण वाटेत अस्पृश्य म्हणून प्यायला पाणी मिळाले नाही. भूक लागलेली, अन्न जवळ, तरी ती मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी स्वतःच ही हकिगत लिहून ठेवली आहे. पुढे २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या हक्काने मिळालेले पाणी घरातल्या मुलांच्या अन्नासाठी वापरताना हात आखडता घेऊ नका. वाचवायचे तर धुण्या-सारवण्यात वाचवा.

शिजवावे कसे?

कुकर असेल तर काम सोपे. भिजलेला घेवडा निथळून घ्यावा, दाण्यांच्या वर दोन बोटे येईल इतके नवे पाणी घालावे. कुकर निम्म्याहून जास्त भरू नये, कारण घेवड्याला फेस येतो आणि शिट्टीचे भोक बुजते. थोडी हळद आणि चमचाभर तेल टाकावे. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्यावी, मग आच कमी करून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. वाफ आपोआप जिरू द्यावी.

पातेल्यात शिजवायचा तर आधी अर्धा तास खळखळती उकळी हवी, त्यात कुचराई नको. त्यानंतर आच कमी करून तास-दीड तास शिजवावा. पाणी आटले तर वरून गार पाणी ओतू नये, उकळी मोडते. शेजारी आधण ठेवावे आणि तेच घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर वेळ जास्त लागतो. अशा वेळी पाव किलोला चिमूटभर खाण्याचा सोडा चालेल. जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि जीवनसत्त्वही जाते.

टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू यांपैकी काहीही दाणा शिजेपर्यंत घालू नये. आंबटाने दाणा आकसतो आणि शिजतच नाही. माझ्या पातेल्यातली दुसरी चूक हीच.

शिजला की नाही हे रंगावरून ठरवू नका. पातेल्याच्या वरून, खालून, मधून असे पाच दाणे काढा आणि दोन बोटांत दाबा. पाचही लोण्यासारखे दबले पाहिजेत. एकही कडक लागला तर पुन्हा चुलीवर.

चव आणायची तर

पाव किलो घेवडा पाच-सहा माणसांना पुरतो. दोन कांदे गॅसच्या जाळावर सालासकट भाजून घ्यावेत, वरचे जळके साल काढावे. सुक्या खोबऱ्याचा लहान तुकडाही भाजावा. आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटभर आल्याबरोबर हे सगळे वाटावे. खोबरे परवडत नसेल तर मूठभर भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट घ्यावे.

तीन चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग आणि पाव चमचा ओवा टाकावा. वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. इथे घाई केली तर कांद्याचा कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही. मग हळद आणि दोन चमचे कांदा-लसूण मसाला, किंवा तुमच्या घरी जो काळा मसाला असेल तो. त्यावर घेवडा त्याच्या शिजलेल्या पाण्यासकट ओतावा. हे पाणी टाकू नका, सगळा गोडवा त्यात उतरलेला असतो. पळीभर दाणे पळीच्याच पाठीने ठेचून परत आत सोडावेत. रस्सा आपोआप दाट होतो, बेसन लावावे लागत नाही. मीठ चाखून घालावे, कारण दाण्यात ते आधीच मुरलेले असते. पंधरा मिनिटे रटरटू द्यावे. शेवटच्या पाच मिनिटांत चिंच किंवा दोन आमसुले, वर कोथिंबीर. झाकून अर्धा तास ठेवले तर चव आणखी भरते. पण गरमीत उसळ दोन तासांहून जास्त उघडी ठेवू नये. उरली तर गार जागी ठेवून, खाण्याआधी पुन्हा उकळावी.

शंभर माणसांचे भोजनदान असेल तर पाच किलो घेवडा लागतो. त्यासाठी एकच मोठे पातेले घेऊ नका, दोन किंवा तीन घ्या. मोठ्या पातेल्यात तळ शिजतो आणि वरचे कच्चे राहते. घेवडा आदल्या रात्रीच भिजवा, भरलेला सिलिंडर आधीच आणून ठेवा आणि सकाळी सहाला आच लावा.

भाकरी आणि घेवडा

शंभर ग्रॅम सुक्या घेवड्यात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत जे कमी ते घेवड्यात आहे, आणि घेवड्यात जे कमी ते भाकरीत. दोन्ही एका ताटात आले की जेवण पुरे होते. घेवड्यात लोहही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायकांमागे सत्तावन्न बायकांत रक्त कमी आढळले. त्यात आपल्या घरातली बाई आहेच, कारण ती शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला नुसता रस्सा येतो. तिच्या ताटात दाणे पडले पाहिजेत. वर लिंबू पिळावे, लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अडवतो. दोन तासांनी घ्यावा.

आणि घेवडा निवडून भिजत घालणे हे काही बाईचेच काम नाही. भाऊरायांनो, रात्री टीव्हीपुढे बसल्या बसल्या पाव किलो घेवडा निवडून होतो. मुलाला आणि मुलीला दोघांनाही शेजारी बसवा.

आळवी नगरीची कथा आपण विहारात ऐकतो. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून दमून, उपाशीपोटी प्रवचनाला आला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवायला वाढायला सांगितले आणि मग धम्म सांगितला. भुकेल्याला धम्म कसा कळणार? भोजनदानाचा अर्थ हाच. पण आपण वाढलेले अन्नच मुलांना बाधले, तर ते दान कसले?

पुढच्या पौर्णिमेला उसळ पुन्हा मीच केली. घेवडा रात्री भिजवला, सहाला आच लावली आणि तिन्ही पातेल्यांतले दाणे आधी त्या ओवाळणाऱ्या आजींच्या हातात दिले. त्यांनी एकेक दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "आता वाढ." त्या दिवशी एकाही ताटाच्या कडेला दाणा उरला नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!