जळालेलं चर्च आणि चार शब्द



२८ एप्रिल २०२५ च्या पहाटे अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लेबॉर्न टेम्पल नावाचं जुनं चर्च जळून कोसळलं. दुरुस्ती चालू होती. आग मुद्दाम लावलेली होती, असं तपासवाल्यांनीच सांगितलं. ‘आपल्याला काय त्याचं?’ म्हणणाऱ्यांसाठीच हे लिहितोय.

१८९२ साली ते गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी बांधलं. १९४९ साली काळ्यांच्या मेथडिस्ट चर्चनं विकत घेतलं. पण त्याचा खरा इतिहास लिहिला तो कचरा उचलणाऱ्यांनी.

१ फेब्रुवारी १९६८. धो धो पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत आडोशाला शिरले. गाडीचं दाबयंत्र अचानक सुरू झालं. कचऱ्यासारखी माणसं चिरडली. १२ तारखेला तेराशे काळ्या कामगारांनी काम बंद केलं. गळकी टोपली डोक्यावर, घाण अंगावर, आणि पन्नाशीच्या बाप्याला गोरा हाक मारणार ‘बॉय’! हे कामगार याच चर्चमधून मोर्चे काढायचे. हातातल्या पाटीवर चारच शब्द : ‘आय ॲम अ मॅन’. मी माणूस आहे.

२८ मार्चच्या मोर्चानंतर पोलिसांनी चर्चच्या आत अश्रुधूर सोडला. सोळा वर्षांच्या लॅरी पेनला गोळी घातली. ४ एप्रिलला त्याच शहरात मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला. तरी संप मोडला नाही. १६ एप्रिलला युनियन मान्य करावी लागली, पगार वाढवावा लागला.

मी गोदीत ओझी उचलतो. माझ्या बापाच्या वयाच्या हमालाला मुकादम ‘ए’ म्हणून बोलावतो. ते चार शब्द मला शब्दकोशात बघावे लागले नाहीत. पाठीला कळले.

आणि आपलं काय? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन बुलडोझरनं पाडलं. बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखानाही त्यातच गेला. जिथं माणसाचे शब्द छापले गेले, ती जागा आधी डोळ्यात खुपते.

म्हणून वास्तू सांभाळा. वस्तीतली जुनी पत्रकं, फोटो, म्हाताऱ्यांच्या आठवणी आजच गोळा करा. पण नुसते हार घालून घरी जाऊ नका. गटारात अजून आपलाच माणूस गुदमरून मरतोय. भिंती जळतात. पाटी आपल्या हातात पाहिजे.